विकतचा घाम आणि वऱ्हाडचे ऊन

वस्तूची उपयुक्तता केवळ त्या वस्तूत नसते. ती कोठे, केव्हा आणि कोणाच्या हाती पडते यावर ठरते, हा अर्थशास्त्राचा अगदी प्राथमिक धडा आहे. घरच्या घरी घाम काढून देणाऱ्या इन्फ्रारेड सौना नावाच्या पेटीचा विचार करताना वऱ्हाडातील माणसाने हा धडा विसरता कामा नये. महानगरांतील जाहिरातींतून ही पेटी आता जिल्ह्याच्या गावांपर्यंत येऊन पोहोचली आहे. सांधेदुखी, स्थूलपणा, मधुमेह, निद्रानाश अशा साऱ्या व्याधींवर ती गुणकारी असल्याचे सांगितले जाते आणि किंमत हप्त्याहप्त्यांनी फेडण्याची सोयही दाखवली जाते. निवृत्तीच्या वेळी भविष्यनिर्वाह निधीची रक्कम हाती आलेला शिक्षक किंवा कारकून अशा जाहिरातीचा सहज धनी होतो. म्हणून या खरेदीचा हिशेब थोडा काटेकोरपणे मांडणे आवश्यक आहे.

प्रथम ही वस्तू काय आहे ते पाहू. फिनलंडमधील पारंपरिक सौना म्हणजे लाकडी खोली. तीत तापलेल्या दगडांनी हवा ८० ते १०० अंश सेल्सिअसपर्यंत नेली जाते व त्या हवेत माणूस बसतो. इन्फ्रारेड सौनात दगड नसतात. कार्बनच्या किंवा सिरॅमिकच्या विजेच्या पट्ट्या अवरक्त किरण सोडतात आणि ते किरण सरळ शरीराला ऊब देतात. त्यामुळे पेटीतील हवा साधारणतः ४५ ते ६० अंशांवरच राहते. विल्यम हर्शेल याने १८०० साली या किरणांचा शोध लावला. सूर्यप्रकाशाच्या लाल रंगापलीकडे, डोळ्यांना काहीच दिसत नसताना, त्याचा तापमापक वर चढला होता. सूर्याकडून हे किरण वऱ्हाडाला विनामूल्य आणि भरपूर मिळतात, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

आता गुणांविषयी. सौनाच्या बाजूने जो पुरावा वारंवार पुढे केला जातो तो फिनलंडच्या कुओपिओ भागातील आहे. तेथील २,३१५ मध्यमवयीन पुरुषांचा सुमारे वीस वर्षे मागोवा घेण्यात आला व २०१५ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आठवड्यातून चार ते सात वेळा सौना घेणाऱ्यांत हृदयविकाराने होणारे आकस्मिक मृत्यू कमी आढळले. परंतु हे निरीक्षण आहे, प्रयोग नव्हे. रोज सौना घेऊ शकणारा माणूस मुळातच अधिक निरोगी असू शकतो. शिवाय तो अभ्यास पारंपरिक सौनाचा होता, इन्फ्रारेड पेटीचा नव्हता. अवरक्त उष्णतेचा उपचार म्हणून वापर जपानमध्ये झाला आहे. तेथे हृदयरुग्णांना ६० अंशांच्या खोलीत पंधरा मिनिटे बसवतात, नंतर अर्धा तास पांघरुणात विश्रांती देतात आणि गेलेले पाणी भरून काढतात. हे सारे डॉक्टरांच्या नजरेखाली चालते. रुग्णालयातील देखरेखीखालचा उपचार आणि घरच्या गच्चीखालची खोली यांत फरक आहे. जाहिरात नेमका तोच फरक पुसून टाकते.

घामावाटे शरीरातील विषे निघून जातात, हा दावाही तपासून पाहावा. घाम म्हणजे जवळजवळ सारे पाणी आणि थोडे मीठ. शरीरातील टाकाऊ द्रव्ये बाहेर काढण्याचे काम प्रामुख्याने यकृत व मूत्रपिंडे करतात. पेटीतून बाहेर आल्यावर वजनकाट्यावर जी घट दिसते ती पाण्याची असते आणि दोन पेले पाणी प्यायल्यावर ती भरून निघते. ऊब घेतल्याने आखडलेले स्नायू सैल होतात, मनाला स्वस्थता वाटते, दुखणे काही काळ कमी होते, हे मात्र खरे. तेवढ्यासाठी किती मोल द्यायचे, हा खरा प्रश्न आहे.

घाम काढण्याची विद्या आपल्याला परकी नाही. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील चौदावा अध्याय स्वेदनावरच आहे. त्यात अग्नीच्या साहाय्याने करावयाच्या स्वेदनाचे तेरा प्रकार सांगितले आहेत. त्यांपैकी जेंताक स्वेद म्हणजे मध्यभागी भट्टी असलेले गोल घरच. त्याचे वर्णन वाचताना सौनाचीच आठवण व्हावी. अग्नीवाचून घाम आणणारी कारणेही तेथे दिली आहेत : व्यायाम, उबदार घर, जाड पांघरूण, भूक, भय, क्रोध, ऊन इत्यादी. विशेष म्हणजे स्वेदन कोणाला देऊ नये याचीही यादी आहे आणि तीत गर्भिणी, तहानलेला, मद्यपी व मधुमेही यांचा समावेश आहे. ज्या मधुमेह्याला आजची जाहिरात आवर्जून बोलावते, त्याला प्राचीन वैद्याने दाराबाहेर ठेवले होते!

आता वऱ्हाडचे पंचांग पाहू. अकोल्यात २०२४ च्या मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर गेला. २५ मे रोजी जिल्हाधिकाऱ्यांनी त्यावेळच्या फौजदारी संहितेतील कलम १४४ खाली आदेश काढून कामगारांसाठी पिण्याचे पाणी व पंखे पुरवण्यास आस्थापनांना फर्मावले आणि खासगी शिकवण्यांना दुपारच्या वेळी मनाई केली. एरवी दंगलीसाठी वापरले जाणारे कलम उन्हासाठी वापरावे लागले. मार्चपासून जूनपर्यंत, नवतपा संपून पाऊस पडेपर्यंत, येथे माणसाची धडपड घाम थांबवण्याची असते. पावसाळ्यातील व ऑक्टोबरमधील उकाडा वगळला तर पेटीत बसावेसे वाटेल असे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी, म्हणजे अवघे चार उरतात.

समजा, पेटीची किंमत दीड लाख रुपये आणि आयुष्य दहा वर्षे. वार्षिक घसारा पंधरा हजार रुपये झाला. तीच रक्कम सात टक्के व्याजाने ठेवली असती तर वर्षाला साडेदहा हजार मिळाले असते. एकूण वार्षिक भार साडेपंचवीस हजार. चार महिने, महिन्यातून बारा वेळा या प्रमाणे वर्षात अठ्ठेचाळीस बैठका होतील. म्हणजे एका बैठकीचा खर्च पाचशे तीस रुपयांच्या वर जातो. दीड किलोवॉटची पेटी पाऊण तास चालली तर वीज एका युनिटाहून थोडीशीच अधिक लागते. विक्रेता नेमका विजेचा आकडा सांगतो, कारण तो लहान असतो. मोठा आकडा न वापरता पडून राहणाऱ्या पेटीचा आहे आणि तो कोणत्याही पत्रकात छापला जात नाही.

त्याच पैशाला दुसरा कोणता उपयोग आहे, हेही पाहिले पाहिजे. स्लॅबच्या गच्चीला उष्णता परतवणारा पांढरा लेप, पश्चिमेच्या खिडक्यांवर सावली, चांगला कूलर आणि पाण्याची मोठी टाकी यांनी अमरावतीच्या किंवा अकोल्याच्या घराचे चार महिने सुसह्य होतात व लाभ घरातील प्रत्येकाला मिळतो. पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात तर पाण्याचा प्रश्न अधिकच नाजूक आहे. तेथे भूजलच खारे आहे आणि मूत्रपिंडाच्या विकारांच्या तक्रारी वर्षानुवर्षे ऐकू येतात. अशा माणसाने वैद्यकीय सल्ल्याविना हौसेने घाम गाळणे शहाणपणाचे नाही. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्या वृद्धांनाही हीच सूचना लागू आहे.

इतके करूनही घ्यावयाची असेल, तर काही कसोट्या लावाव्यात. आधी एखाद्या व्यायामशाळेत किंवा उपचारकेंद्रात पैसे देऊन महिनाभर अनुभव घ्यावा. उत्साह टिकला तरच पुढे जावे. पेटीचे दार बाहेर उघडणारे व कडीविना असावे. तापमान व वेळ यांवर आपोआप बंद होण्याची सोय असावी. घरात योग्य क्षमतेचा स्वतंत्र विद्युतजोड, पक्के अर्थिंग व गळती होताच प्रवाह तोडणारे साधन असावे. तापल्यावर लाकडाला रसायनांचा उग्र वास येत नाही ना, हे पेटी चालवून पाहावे. दुरुस्ती करणारा माणूस अमरावतीत आहे की पुण्याहून यावयाचा आहे, हे हमीपत्रावर लिहून घ्यावे. ‘रोग बरा होतो’ असे तोंडी सांगणाऱ्याला तेही लेखी मागावे. बहुधा संभाषण तेथेच संपेल.

१९३६ सालच्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी फिनलंडच्या खेळाडूंसाठी क्रीडाग्रामात सौना उभारण्यात आला होता. त्याच वर्षी, त्याच नगरात, अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. वैद्य बंधूंनी १९१४ साली स्थापन केलेल्या या संस्थेने घाम गाळण्याचे साधन म्हणून तांबडी माती, मल्लखांब आणि मैदान यांचा आश्रय घेतला. ही साधने सामुदायिक होती. एकाचा खर्च शेकडोंनी वाटून घेतला जाई आणि घामाबरोबर स्नायूही कमावले जात. चरकाने अग्नीवाचूनच्या स्वेदनात पहिले नाव व्यायामाचेच घेतले आहे.

वऱ्हाडात घामाची टंचाई कधीच नव्हती. जिनिंगमध्ये सरकी वेगळी करणारे मजूर, बाजार समितीत पोती वाहणारे हमाल आणि वीटभट्टीवर राबणारी कुटुंबे भर उन्हात तो गाळतात आणि त्यांच्यासाठी पाणी व सावली मिळावी म्हणून सरकारी आदेश काढावा लागतो. ज्या गावात सावली इतकी दुर्मिळ आहे, तेथे घरात उष्णता विकत आणण्यापूर्वी गारव्याची तजवीज पुरी झाली की नाही, हे प्रत्येक कुटुंबप्रमुखाने आपल्या वहीत एकदा मांडून पाहावे.