काचधावन यंत्रणा, मोटारगाडीची

मोटारगाडीच्या समोरील काचेवर द्रवाचा फवारा सोडून वायपरच्या साहाय्याने ती स्वच्छ करणारी यंत्रणा. धूळ, चिखल, तेलकट धूर, कीटकांचे अवशेष इत्यादींचा थर काचेवर साचल्यास चालकाच्या दृष्टीस अडथळा होतो. कोरड्या काचेवर वायपर फिरविल्यास हा थर निघत नाही, उलट पसरतो. शिवाय धुळीतील क्वॉर्ट्‌झाचे कण काचेपेक्षा कठीण असल्याने काचेवर बारीक चरे पडतात. रात्री समोरून येणाऱ्या वाहनांचा प्रकाश या चऱ्यांवर विखुरतो व रस्ता अस्पष्ट दिसतो. म्हणून आधी द्रव व नंतर वायपर हा क्रम आवश्यक ठरतो.

इतिहास : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत मेरी अँडरसन यांना १९०३ मध्ये हाताने चालविण्याच्या वायपरचे एकस्व (पेटंट) मिळाले. द्रव फवारणारी यंत्रणा त्यानंतर प्रचारात आली व पुढे ती मोटारगाडीचा नेहमीचा भाग बनली. भारतात केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ यांनुसार वाहनास कार्यक्षम वायपर असणे आवश्यक आहे.

रचना व कार्य : या यंत्रणेत प्लॅस्टिकची टाकी, विजेवर चालणारा लहान पंप, रबरी नळ्या व फवाऱ्याच्या तोट्या हे मुख्य भाग असतात. टाकी बहुधा बॉनेटखाली असून लहान गाड्यांत तिची धारकता सु. २ ते ५ लिटर असते. सुकाणूचक्राजवळील दांडा ओढला असता पंप सुरू होतो, तोट्यांतून द्रव काचेवर पडतो आणि बहुतेक गाड्यांत वायपर आपोआप काही वेळा फिरतात. मागील काचेस वायपर असलेल्या गाड्यांत बहुधा तिकडेही फवाऱ्याची सोय असते.

द्रव : केवळ पाण्याने तेलकट थर व कीटकांचे डाग नीट निघत नाहीत. प्रक्षालकामुळे पाण्याचा पृष्ठताण कमी होतो, द्रव काचेवर सारखा पसरतो व मळ सुटतो. घरगुती भांडी घासण्याचे साबण मात्र यासाठी योग्य नसतात; त्यांचा फेस होतो आणि वाळल्यावर काचेवर पापुद्रा राहतो. थंड प्रदेशांत द्रव गोठू नये म्हणून त्यात अल्कोहॉल मिसळतात. त्यांपैकी मिथेनॉल हे ज्वालाग्राही व अत्यंत विषारी असून ते पोटात गेल्यास अंधत्व किंवा मृत्यू येऊ शकतो. त्यामुळे असा द्रव मुलांच्या हाती लागेल अशा जागी किंवा पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत कधीही ठेवू नये. उष्ण हवेत टाकीत दीर्घकाळ साठलेल्या साध्या पाण्यात सूक्ष्मजंतू वाढतात. ब्रिटनमध्ये २०१० साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत टाकीत केवळ पाणी वापरणे व लिजनेअर रोग हा फुप्फुसाचा विकार यांत संबंध आढळला.

वाशिम जिल्ह्यातील परिस्थिती : १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून वेगळा झालेला वाशिम जिल्हा दख्खनच्या बेसाल्टी पठारावर वसला आहे. येथील काळ्या मातीचा पावसाळ्यात चिकट चिखल होतो व कोरड्या ऋतूत तिची बारीक धूळ उडते. सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत तीत भुसाही मिसळतो. बेसाल्टातील विहिरी व विंधन विहिरींचे पाणी कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या क्षारांमुळे पुष्कळदा जड असते. असे पाणी टाकीत भरल्यास बाष्पीभवनानंतर तोट्यांच्या छिद्रांत क्षार साचतात व काचेवर पांढरे डाग पडतात. म्हणून ऊर्ध्वपातित अथवा क्षार काढलेले पाणी वापरणे इष्ट. येथे पाणी गोठण्याइतकी थंडी पडत नसल्याने मिथेनॉलयुक्त द्रवाची गरज नसते.

अकोला–वाशिम–हिंगोली राष्ट्रीय महामार्गाखेरीज नागपूर–मुंबई समृद्धी महामार्गही या जिल्ह्यातील कारंजा, मंगरूळपीर व मालेगाव तालुक्यांतून जातो. त्याचा नागपूर–शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. सपाट भागात या मार्गावर मोटारगाड्यांची कमाल वेगमर्यादा ताशी १२० किमी. आहे. या वेगाने गाडी सेकंदाला सु. ३३ मी. अंतर कापते, म्हणजे पुढील मालमोटारीने उडविलेल्या चिखलाने काच ३ सेकंद झाकली गेल्यास चालक १०० मी. अंतर जवळजवळ न पाहता जातो. अशा वेळी टाकी रिकामी असणे धोक्याचे ठरते.

भरणे व देखभाल : टाकी भरताना गाडी सपाट जागी उभी करून इंजिन बंद करावे. काच व तीवरील फवारा यांची आकृती असलेले झाकणच उघडावे. शीतक, ब्रेकचा द्रव व काचधावन द्रव यांची अदलाबदल झाल्यास गंभीर बिघाड होतो. तसेच रेडिएटरचे झाकण इंजिन गरम असताना उघडल्यास उकळत्या शीतकाने भाजते. द्रव उत्पादकाने सांगितलेल्या प्रमाणात मिसळून नरसाळ्याने भरावा. टाकी कोरडी असताना पंप चालवू नये, कारण त्यातील द्रवच त्याला थंड ठेवतो. फवारा न आल्यास प्रथम द्रवाची पातळी, मग फ्यूज, नळीची जोडणी व तोटी या क्रमाने तपासणी करावी. पंपाचा आवाज येत असेल, तर दोष बहुधा नळीत किंवा तोटीत असतो. तुंबलेले छिद्र बारीक सुईने हलकेच मोकळे करता येते. वायपरचे रबर उन्हाने कडक होऊन तडकते व मग पुरेसा द्रव असूनही काचेवर पट्टे उमटतात. असे रबर बदलावे. लांबच्या प्रवासापूर्वी व पावसाळ्याच्या आरंभी टाकी, तोट्या व रबर ही तिन्ही एकत्र तपासणे हितावह असते.