घोडेस्वारांशी तह आणि दगा : दुर्गच्या छावणीपासून किएव्हपर्यंत

भिलाई (छत्तीसगड) : सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या पोलाद कारखान्यामुळे भिलाईचे नाव देशभर परिचित झाले. या नगरीला लागूनच असलेल्या दुर्गचा इतिहास मात्र पुष्कळ जुना आहे. १७४१ मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळाने येथील मातीच्या किल्ल्यात छावणी केली आणि छत्तीसगडच्या मोहिमेसाठी दुर्ग हे आपले ठाणे बनविले. रघूजी भोसले यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर ऊर्फ भास्करपंत यांनी रतनपूरच्या हैहयवंशी रघुनाथसिंहास शरण यावयास लावले आणि नगरावर १ लाख रुपयांचा दंड बसविला. पुढच्याच वर्षी हे घोडदळ बंगालमध्ये उतरले.

बंगालमध्ये या स्वारांना ‘बर्गी’ हे नाव पडले. ज्याला घोडा व शस्त्रे सरकारातून मिळतात तो बारगीर. त्याच शब्दाचे हे बंगाली रूप. नवाब अलीवर्दीखानाची तोफखान्यासह चालणारी फौज पोहोचेपर्यंत हे स्वार दुसऱ्या परगण्यात गेलेले असत. १७४२ मध्ये त्यांनी राजधानी मुर्शिदाबादेत शिरून जगतशेठांची पेढी लुटली. कोलकात्यातील इंग्रजांनी भीतीपोटी वसाहतीभोवती खंदक खणावयास घेतला. तो कधीच पूर्ण झाला नाही आणि मराठेही तेथवर आले नाहीत; ‘मराठा खंदक’ हे नाव मात्र राहिले.

ज्यांना पिके, पेठा आणि राजधानी राखावयाची आहे, त्यांनी अशा वेगवान शत्रूशी कसे वागावे, हा प्रश्न त्याच्या सुमारे साडेसहाशे वर्षे आधी पूर्व युरोपातील ख्रिस्ती राज्यांपुढेही होता. काळ्या समुद्राच्या उत्तरेकडील विस्तीर्ण गवताळ प्रदेशात तेव्हा किपचाक टोळ्या कळपांसह फिरत असत. रशियन बखरकार त्यांना ‘पोलोव्हत्सी’ म्हणत, तर युरोपात ते ‘कुमान’ म्हणून ओळखले जात. अर्थात भोसल्यांचे स्वार भटके नव्हते; त्यांना गावे होती, वतने होती. मात्र शेजाऱ्यांच्या दृष्टीने दोघांचा उपद्रव एकाच जातीचा होता, आणि त्यावर योजलेले उपायही आश्चर्य वाटावे इतके सारखे होते.

एक उपाय म्हणजे एका टोळीविरुद्ध दुसरी टोळी उभी करणे. बायझँटाइन सम्राट अलेक्सियोस कॉम्नेनोस याने २९ एप्रिल १०९१ रोजी लेव्हुनियन येथे कुमानांच्या साहाय्याने पेचेनेग टोळ्यांचा संहार केला. अलीवर्दीखानानेही १७४३ मध्ये हेच केले. रघूजींना बंगालबाहेर घालविण्यासाठी त्याने पेशवे बाळाजी बाजीराव यांना २२ लाख रुपये देण्याचे मान्य केले. पेशव्यांनी रघूजींना मागे रेटले. परंतु त्या वर्षअखेरीपूर्वी शाहू महाराजांनी दोघांत समेट घडवून आणला आणि नवाबाचा पैसा व्यर्थ गेला.

दुसरा उपाय सोयरिकीचा. किएव्हचा राजा स्व्यातोपोल्क याने १०९४ मध्ये किपचाक खान तुगोरकान याच्या मुलीशी विवाह केला. दोनच वर्षांनी सासऱ्याने पेरेयास्लाव्हलवर चाल केली आणि तो लढाईत पडला. जावयाने सासऱ्याचा मृतदेह रणांगणावरून आणून सन्मानपूर्वक पुरला.

तिसरा उपाय दग्याचा होता. १०९५ मध्ये इतलार आणि कितान हे दोन खान तहासाठी पेरेयास्लाव्हल येथे आले. राजपुत्र व्लादिमिर मोनोमाख याने स्वतःचा मुलगा कितानकडे ओलीस ठेवला होता. शपथ मोडावी की नाही, याविषयी तो घुटमळला. हे लोक शपथा नेहमीच मोडतात, मग पाप कसले, असे त्याच्या सरदारांनी समजावले. रात्री मुलाला सोडवून कितानला ठार करण्यात आले. सकाळी इतलारला न्याहारीसाठी ऊब दिलेल्या घरात बोलावले, दार बंद केले आणि छपराला भोक पाडून वरून बाण मारला. पुढच्याच वर्षी बोन्याक खानाने किएव्हवर धाड घालून तेथील प्रसिद्ध गुहामठ जाळला. त्यानंतर काही वर्षांनी याच मोनोमाखाने आपल्या मुलासाठी किपचाक खानाची मुलगी सून म्हणून आणली.

हंगेरीची कथा अधिक करुण आहे. मंगोलांपुढे पळालेल्या कुमानांना राजा चौथा बेला याने १२३९ मध्ये आश्रय दिला. मात्र ते मंगोलांचे हेर असल्याचा संशय पसरला आणि १२४१ मध्ये पेस्ट शहरात त्यांचा खान कोतेन याची हत्या झाली. संतप्त कुमान मुलूख लुटत दक्षिणेकडे निघून गेले. ऐन निकडीच्या वेळी हजारो घोडेस्वारांना मुकलेल्या हंगेरीचा ११ एप्रिल १२४१ रोजी मोही येथे मंगोलांनी पुरता पराभव केला. पुढे बेलाने कुमानांना परत बोलावून जमिनी दिल्या आणि त्यांच्यातीलच मुलगी राजपुत्रासाठी सून म्हणून पत्करली. त्यांच्या वस्तीचा प्रदेश आजही कुनशाग या नावाने ओळखला जातो.

बंगालमध्येही तेच घडले. ३१ मार्च १७४४ रोजी मानकरा येथे अलीवर्दीखानाने भास्करपंतांना वाटाघाटीसाठी तंबूत बोलाविले. तंबूच्या कनातींमागे मारेकरी दडविलेले होते. भास्करपंत आणि त्यांच्यासोबतचे बहुतेक सर्व सरदार तेथेच कापले गेले. सेनापतीविना फौज परतली आणि बंगालला काही महिने उसंत मिळाली. १७४५ मध्ये मात्र स्वतः रघूजी चालून आले. शेतकरी गावे सोडून गंगेपलीकडे जात राहिले, रेशमाचे व कापडाचे माग थंडावले. थकलेल्या नवाबाने १७५१ मध्ये तह केला. वर्षाला १२ लाख रुपये चौथाई ठरली, ओडिशा भोसल्यांच्या ताब्यात गेला आणि सुवर्णरेखा नदी ही हद्द मानण्यात आली.

या तहानंतर बंगालवरील स्वाऱ्या थांबल्या. ओडिशा १८०३ च्या देवगावच्या तहापर्यंत भोसल्यांकडे राहिला. छत्तीसगडात रघूजींचे पुत्र बिंबाजी १७५८ पासून रतनपूर येथे राहून कारभार पाहू लागले.