छायाचित्र महोत्सव वऱ्हाडातही व्हावा!

फोटोग्राफी महोत्सव म्हणजे मुंबई-पुण्याचं काम, असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. पण जगातला एक नावाजलेला छायाचित्र महोत्सव 1970 पासून फ्रान्समधल्या आर्ल्स या छोट्या गावात भरतो. तिथली वस्ती पन्नास हजारांच्या आसपास. 2011 च्या जनगणनेनुसार वऱ्हाडातल्या एकट्या अकोल्याची सव्वाचार लाख, तर अमरावतीची साडेसहा लाखांच्या घरात. आर्ल्समध्ये जुनी चर्च आणि रेल्वेचे बंद पडलेले कारखाने यांतही प्रदर्शनं लागतात. आपल्या जवळ पाहायचं तर 2013 मध्ये मुंबईत ‘फोकस’ महोत्सव सुरू झाला आणि 2015 मध्ये ‘गोवा फोटो’ महोत्सवानं पणजीत उघड्यावर फोटो मांडले.

म्हणजे आलिशान कलादालनापेक्षा लोकांच्या वहिवाटीच्या जागा महत्त्वाच्या. अमरावतीच्या परकोटाचा परिसर, अकोल्याचा असदगड, महाविद्यालयं, वाचनालयं आपल्याकडे आहेतच. मेळघाटातलं कोरकू जीवन, कापसाचं जिनिंग, संत्र्याच्या बागा, मूर्तिजापूर-अचलपूर मार्गावर पूर्वी धावणारी शकुंतला रेल्वे. विषयांचीही ददात नाही. ‘मोबाइलवर सगळं दिसतं, मग प्रदर्शन कशाला?’ असं कुणी विचारेल. मोबाइलवरचा फोटो बोट सरकवताच जातो. भिंतीवरच्या मोठ्या फोटोसमोर माणसं थांबतात, एकमेकांशी बोलतात. खर्चाची अडचण मात्र खरी आहे. म्हणून सुरुवात दोन्ही शहरांत मोजक्या जागांपासून करावी आणि छपाईचा भार महाविद्यालयं, छायाचित्रकार व महापालिकांनी वाटून घ्यावा. 19 ऑगस्टला जागतिक छायाचित्रण दिन असतो. त्या निमित्तानं महोत्सव भरवला, तर पावसामुळे छताखालच्या जागा निवडता येतील. वऱ्हाडातल्या छायाचित्रकारांनो, आपल्या गावातली एक योग्य जागा आणि एक विषय कमेंटमध्ये नक्की सुचवा.