पंडित, विजयालक्ष्मी

पंडित, विजयालक्ष्मी : (१८ ऑगस्ट १९००–१ डिसेंबर १९९०). भारतीय लेखिका, राजकारणी व मुत्सद्दी. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या पहिल्या महिला अध्यक्ष आणि महाराष्ट्राच्या पहिल्या महिला राज्यपाल. जन्म अलाहाबाद (प्रयागराज) येथे. माहेरचे नाव स्वरूप नेहरू. वडील मोतीलाल हे नामवंत वकील व काँग्रेसचे पुढारी, तर जवाहरलाल नेहरू हे थोरले बंधू. त्यांचे शिक्षण घरीच झाले. शाळा-महाविद्यालयातील रीतसर पदवी त्यांनी घेतली नाही.

१९२१ मध्ये त्यांचा विवाह रणजित सीताराम पंडित (१८९३–१९४४) यांच्याशी झाला. पंडित घराणे मूळचे कोकणातील बांबुळीचे. पुढे त्यांतील एक शाखा राजकोटला स्थायिक झाली. संस्कृत विद्येची परंपरा या घराण्यात होती. अथर्ववेदाचे संपादक शंकर पांडुरंग पंडित हे याच घराण्यातील. विवाहानंतर वधूचे नाव बदलण्याच्या महाराष्ट्रीय रीतीप्रमाणे स्वरूप यांचे नाव विजयालक्ष्मी ठेवण्यात आले व पुढे याच नावाने त्या जगाला परिचित झाल्या. रणजित पंडित हे बॅरिस्टर व व्यासंगी विद्वान होते. कल्हणाच्या राजतरंगिणीचे त्यांनी तुरुंगात केलेले इंग्रजी भाषांतर १९३५ मध्ये प्रसिद्ध झाले. या दांपत्यास तीन मुली झाल्या. त्यांपैकी नयनतारा सहगल या इंग्रजीतील प्रसिद्ध कादंबरीकार होत.

स्वातंत्र्य आंदोलनात विजयालक्ष्मींनी तीन वेळा कारावास भोगला. अलाहाबाद नगरपालिकेत काम केल्यावर त्या १९३७ मध्ये संयुक्त प्रांताच्या विधानसभेवर निवडून आल्या आणि स्थानिक स्वराज्य व सार्वजनिक आरोग्य या खात्यांच्या मंत्री झाल्या. भारतात मंत्रिपद भूषविणाऱ्या त्या पहिल्या महिला होत. १९३९ मध्ये भारतीय लोकमत विचारात न घेता ब्रिटिश सरकारने देशाला युद्धात ओढले. त्याच्या निषेधार्थ काँग्रेसची मंत्रिमंडळे बाहेर पडली व त्यांचेही मंत्रिपद संपुष्टात आले.

त्यांचे लेखन या जीवनक्रमातूनच घडले. सो आय बिकेम अ मिनिस्टर (१९३९) हे मंत्रिपदाच्या काळाशी निगडित पुस्तक. प्रिझन डेज (१९४५) ही ऑगस्ट १९४२ मध्ये झालेल्या अटकेनंतर नैनी तुरुंगात लिहिलेली दैनंदिनी. तीत राजकीय सिद्धांतांपेक्षा बराकीतील दिनक्रम आणि सहबंदी स्त्रियांची सुखदुःखे यांना अधिक स्थान आहे. द स्कोप ऑफ हॅपिनेस (१९७९) हे त्यांचे आत्मचरित्र.

तुरुंगवासात प्रकृती ढासळलेल्या रणजित पंडितांचे जानेवारी १९४४ मध्ये निधन झाले. मुलगा नसलेल्या हिंदू विधवेची वारसाहक्काच्या बाबतीत किती कोंडी होते, याचा अनुभव त्यानंतर विजयालक्ष्मींना स्वतःला आला. मंत्रिपद भूषविलेल्या स्त्रीलाही पतीच्या मालमत्तेतील वाट्यासाठी झगडावे लागले. विधवेस पतीच्या स्वतंत्र संपत्तीत मुलामुलींच्या बरोबरीने व पूर्ण मालकीचा वाटा देणारा हिंदू वारसा कायदा १९५६ मध्ये झाला.

१९४४ च्या अखेरीस त्या अमेरिकेस गेल्या. १९४५ च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेत भारताचे अधिकृत प्रतिनिधी ब्रिटिश सरकारने नेमलेले होते. ते भारतीय जनतेचे प्रतिनिधित्व करीत नाहीत, ही बाजू विजयालक्ष्मींनी परिषदेबाहेरून व्याख्याने व निवेदने यांद्वारे मांडली. पुढच्याच वर्षी त्या आमसभेतील भारतीय शिष्टमंडळाच्या नेत्या म्हणून अधिकृतपणे उपस्थित झाल्या. दक्षिण आफ्रिकेतील भारतीयांना मिळणाऱ्या पक्षपाती वागणुकीचा प्रश्न त्यांनी तेथे लावून धरला. हा आमचा अंतर्गत प्रश्न आहे, असा दक्षिण आफ्रिकेचे पंतप्रधान यान स्मट्स यांचा दावा होता. तथापि डिसेंबर १९४६ मध्ये भारताच्या बाजूचा ठराव आवश्यक त्या दोन तृतीयांश बहुमताने संमत झाला. वर्णभेदाचा प्रश्न जागतिक व्यासपीठावर आणणारी ही महत्त्वाची घटना होय.

स्वातंत्र्यानंतर त्या सोव्हिएट रशियात (१९४७–४९) व अमेरिकेत (१९४९–५१) भारताच्या राजदूत होत्या. मॉस्कोतील कारकीर्दीत स्टालिन यांची भेट त्यांना मिळू शकली नाही. वॉशिंग्टनमधील कारकीर्दीत, १९५१ मध्ये, अन्नटंचाईच्या निवारणार्थ भारतास सु. २० लाख टन धान्य खरेदीसाठी कर्ज देणारा कायदा अमेरिकेने केला. १९५२ मध्ये त्या लोकसभेवर निवडून आल्या. सप्टेंबर १९५३ मध्ये त्यांची आमसभेच्या आठव्या अधिवेशनाच्या अध्यक्षपदी निवड झाली. पुढे १९५४ ते १९६१ या काळात त्या लंडन येथे भारताच्या उच्चायुक्त होत्या.

नोव्हेंबर १९६२ मध्ये त्या महाराष्ट्राच्या राज्यपाल झाल्या. चीनशी झालेल्या युद्धामुळे यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले होते व मा. सां. कन्नमवार नुकतेच मुख्यमंत्री झाले होते. कन्नमवारांच्या निधनानंतर डिसेंबर १९६३ मध्ये वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले, तेही त्यांच्याच कारकीर्दीत. नेहरूंच्या निधनानंतर, १९६४ मध्ये, राज्यपालपद सोडून त्यांनी फुलपूर या नेहरूंच्याच मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक जिंकली. १९६८ मध्ये त्यांनी सदस्यत्वाचा राजीनामा दिला.

१९७५ मध्ये भाची व पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पुकारलेल्या आणीबाणीला त्यांनी विरोध केला. १९७७ च्या निवडणुकीत निवृत्ती सोडून, वयाच्या ७६ व्या वर्षी, त्यांनी काँग्रेसविरुद्ध प्रचार केला. पुढे संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगात त्यांनी भारताचे प्रतिनिधित्व केले. डेहराडून येथे त्यांचे निधन झाले.

नेहरूंची भगिनी असल्यामुळेच त्यांना मोठी पदे लाभली, अशी टीका होत असे. कुटुंबाच्या प्रतिष्ठेचा लाभ त्यांना झाला, हे खरेच. तथापि १९४६ मधील ठरावाचे यश हे भारत स्वतंत्र होण्यापूर्वीचे, अनेक राष्ट्रांचे मत वळवून मिळविलेले होते. तर १९७७ मधील भूमिका त्यांनी स्वतःच्या घराण्यातील सत्तेविरुद्धच घेतली. या दोन प्रसंगांवरून त्यांच्या स्वतंत्र कर्तृत्वाची कल्पना येते.