बर्फाच्या गावी सहकुटुंब

मंडळी, सुगी उरकली, मळणी झाली, पोरांच्या परीक्षा संपल्या, की आपल्या घरात विषय निघतो : यंदा जायचे कुठे? कुणी जेजुरी म्हणतो, कुणी मामाचे गाव म्हणतो. युरोपातल्या ऑस्ट्रिया नावाच्या लहानशा डोंगराळ देशात हाच विषय पानगळीच्या दिवसांत निघतो, आणि बोलणे चालते ते फेब्रुवारीतल्या बर्फाचे. आईबाप, मुले, कधी आजीआजोबासुद्धा आठवडाभर एखाद्या डोंगरगावी जाऊन राहतात. पायाला लांब, अरुंद पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरत खाली येतात. या पट्ट्या म्हणजे स्की.

तुम्ही म्हणाल, बर्फाच्या गोष्टी आम्हाला कशाला? एक तर आपल्या गावागावांतली मुलेमुली आज शिक्षणासाठी, नोकरीसाठी जर्मनीत आणि ऑस्ट्रियात आहेत. त्यांना भेटायला गेलेल्या आईवडिलांपुढे एखाद्या दिवशी मुलगा म्हणतो, "बाबा, आपण सगळे बर्फात जाऊ या." दुसरे असे की, सहल नेणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना या आखणीतून घेण्यासारखे पुष्कळ आहे. त्यातला मुख्य नियम आधीच सांगून टाकतो. सगळी आखणी घरातल्या सर्वांत कच्च्या माणसाच्या मापाने करायची. जो चांगला घसरतो तो कुठेही आनंदात राहतो. पाच वर्षांची मुलगी आणि साठीची आजी यांचे मात्र तसे नाही.

हा खेळ मुळात खेळ नव्हताच. उत्तरेकडच्या नॉर्वे-स्वीडनमध्ये हिवाळ्यात चालणे अशक्य होई, म्हणून लोक लाकडाच्या फळ्या पायाला बांधून शिकारीला, शेजाऱ्याकडे जात. स्की या शब्दाचा मूळ अर्थही फाळलेले लाकूड असाच आहे. तिथले डोंगर बहुतेक सौम्य. ऑस्ट्रियातले आल्प्स पर्वत मात्र उभ्या चढाचे, तिथे या लांब फळ्या आवरेनात. तेव्हा लिलिएनफेल्ड या गावी राहणाऱ्या मथियास झ्डार्स्की या गृहस्थाने फळी आखूड केली, तिला पोलादी बंधन बसवले आणि उभ्या उतारावर वळायचे कसे, थांबायचे कसे याची पद्धत बसवून १८९६ साली पुस्तक लिहिले. पुढे आर्लबेर्ग भागातल्या हानेस श्नायडर यांनी १९२१ मध्ये सांक्ट आंटोन येथे स्कीची शाळा काढली. नवशिके एका गटात, थोडे आलेले दुसऱ्यात, तयार झालेले तिसऱ्यात, अशी त्यांची रीत. पायरीपायरीने शिकवता येऊ लागले, तेव्हाच हा धाडशी तरुणांचा खेळ साऱ्या कुटुंबाचा झाला.

आता आखणीकडे वळू. पहिला प्रश्न गाव कोणते निवडायचे हा. उदाहरणासाठी आपण गालट्यूर हे गाव घेऊ. ऑस्ट्रियाच्या पश्चिमेला टिरोल प्रांत आहे. त्यातल्या पात्स्नाउन नावाच्या खोऱ्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे १६०० मीटर उंचीवर, हे शेवटचे गाव. म्हणजे आपल्या महाबळेश्वरापेक्षाही बरेच उंच. वस्ती हजाराच्या आत. गावापुढे घाटातून पलीकडच्या प्रांतात जाणारा रस्ता आहे, पण हिवाळ्यात तो बर्फामुळे बंद असतो. त्यामुळे पुढे जाणारी वाहतूकच नाही. जो येतो तो गालट्यूरलाच आलेला असतो. गाव शांत राहण्याचे एक मोठे कारण हेच.

याच खोऱ्यात थोडे खाली इश्गल नावाचे प्रख्यात ठिकाण आहे. तिथल्या घसरवाटा थेट स्वित्झर्लंडच्या हद्दीत जातात. त्यांची एकूण लांबी २०० किलोमीटरच्या वर, आणि रात्री गाण्याबजावण्याची धमाल. तरुण मित्रांच्या टोळीला ते ठीक. लहान मुलांच्या घराला २०० किलोमीटरचा उपयोग काय? नवशिका दिवसभरात जेवढा घसरतो तेवढ्याला एक सोपा उतार पुरतो. म्हणून जाहिरातीतले किलोमीटर मोजत बसू नये. प्रश्न विचारावेत ते असे : सोपा उतार मुक्कामापासून किती लांब? तिथवर बस आहे का? लहान मुलांचा वर्ग कुठे भरतो? ज्याला घसरायचे नाही त्याने दिवसभर करायचे काय? शांत गावांतून बर्फ दाबून केलेल्या पायवाटा असतात, बसून घसरायच्या लाकडी गाड्या असतात. आजीआजोबांची सोय त्यात होते.

गालट्यूरला जायचे तर लांडेक स्थानकापर्यंत आगगाडी आणि पुढे सुमारे ४० किलोमीटर बस. स्वतःची मोटार नेणाऱ्याने हिवाळी टायर घातले पाहिजेत. हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ असेल तेव्हा ते ऑस्ट्रियात कायद्यानेच लागतात.

दुसरा प्रश्न, जायचे केव्हा? नाताळ आणि नववर्षाचा आठवडा सर्वांत गर्दीचा आणि महाग. फेब्रुवारीत ऑस्ट्रियातल्या शाळांना सहामाहीची आठवडाभर सुट्टी असते. सगळा देश एकदम डोंगरात लोटू नये म्हणून ती प्रांतवार वेगवेगळ्या आठवड्यांत देतात. शिक्षक मंडळींनी ही युक्ती ध्यानात घेण्यासारखी आहे. ज्यांच्या घरात शाळकरी मूल नाही, त्यांना ६ जानेवारीच्या सणानंतरचे दिवस स्वस्त आणि निवांत. पण थंडी तेव्हा कडक. मार्चमध्ये दिवस मोठा होतो, ऊन मिळते, लहान मुलांना ते मानवते.

पण मार्चमध्ये बर्फ राहील का? हा प्रश्न आता फार महत्त्वाचा झाला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून आल्प्सचे तापमान सुमारे २ अंशांनी वाढले आहे. सखल गावांत बर्फ उशिरा पडतो आणि लवकर वितळतो. यंत्राने पाण्याचे तुषार उडवून कृत्रिम बर्फ करतात, पण त्यालाही पाणी लागते, वीज लागते आणि हवा गोठणबिंदूच्या खाली जावी लागते. म्हणून गावाची उंची पाहूनच महिना ठरवावा.

तिसरा प्रश्न मुक्कामाचा. अशा गावांतून मोठ्या हॉटेलांबरोबर घरगुती खाणावळवजा निवास असतात, आणि काही ठिकाणी शेतकऱ्याच्या घरातच खोल्या मिळतात. हे शेतकरी उन्हाळ्यात डोंगरउतारावरचे गवत कापून साठवतात, हिवाळ्यात गोठ्यात गुरे सांभाळतात आणि वरच्या मजल्यावर पाहुणे ठेवतात. उभ्या डोंगरातली चार गुरे घर पोसू शकत नाहीत, ती तूट पाहुणा भरून काढतो. कुणी घसरायला शिकवतो, कुणी दोरावरच्या पाळण्यांवर काम करतो. एकेकाळी अशा खोऱ्यांतले लोक पोटासाठी बाहेर पडत. आज बर्फामुळेच ते गावात राहू शकतात.

सकाळची न्याहारी आणि रात्रीचे जेवण धरून भाडे ठरवण्याची पद्धत आहे. शाकाहारी माणसाने आधीच स्पष्ट सांगावे. नुसते भाजीचे दिसणारे सूपही तिथे पुष्कळदा गोमांसाच्या पाण्यात केलेले असते, आणि गोड धिरड्यासारख्या पदार्थांत अंडे असते. चीज घातलेल्या पिठाच्या शेवयांतही अंडे असते, तेव्हा ते न खाणाऱ्याने विचारून घ्यावे. पाव, बटाटे, दूध, चीज मात्र भरपूर.

आता सामान. स्की, बूट, हेल्मेट हे सगळे गावात भाड्याने मिळते. वाढत्या मुलासाठी विकत घेणे म्हणजे पैसा वाया. बूट घट्ट हवा, पण बोटे हलली पाहिजेत. स्कीचे बंधन असे बसवलेले असते की पडताना ठरावीक जोर आला की ते आपोआप सुटावे, नाहीतर पाय मोडेल. हा जोर माणसाचे वजन, उंची, वय आणि कसब यांवर ठरतो, म्हणून दुकानदाराला वजन आणि वय खरे सांगावे. तिथे लाजून चालत नाही. हेल्मेट बहुतेक प्रांतांत १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना सक्तीचे आहे. टिरोलमध्ये सक्ती नसली तरी डोके तेच असते, तेव्हा सर्वांनी घालावे.

अंगाला लागून सुती कपडा नको. सूत घाम धरून ठेवते आणि मग थंडी बोचते. आत लोकर किंवा लवकर वाळणारे कापड, त्यावर उबदार थर आणि सर्वांत वर वारा-पाणी अडवणारा अंगरखा, असे तीन थर करावेत. थंडीत ऊन लागत नाही हा गैरसमज. ताजा बर्फ सूर्याचे अतिनील किरण ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. गडद चष्मा आणि मलम नसले तर डोळे आणि कातडी भाजून निघते.

आईबापांनी मुलाला स्वतः शिकवू नये, शाळेत घालावे. साधारण तीन-चार वर्षांपासून मुले घेतात. गुरुजी गोठणबिंदू नि गुरुत्वाकर्षण सांगत बसत नाहीत. थांबायचे असेल तर दोन्ही स्कींची टोके जवळ आणायची, मागचे भाग फाकवायचे. त्या आकाराला मुले म्हणतात "पिझ्झा". सरळ जायचे तर दोन्ही पट्ट्या समांतर, म्हणजे तळलेल्या बटाट्याच्या काड्या. दोन खाऊंच्या नावांत पहिला धडा संपतो! सकाळी वर्ग, दुपारी विश्रांती, असा बेत पहिले दोन दिवस ठेवावा. पुष्कळसे अपघात थकलेल्या पायांनी होतात.

उताराला रंग दिलेले असतात. निळा सोपा, लाल मध्यम, काळा अवघड. पुढे जो आहे त्याचा वाटेवर पहिला हक्क. मागून येणाऱ्याने वेग आवरायचा. वाटेच्या मधोमध, वळणाआड थांबायचे नाही. अपघात झाल्यास डोंगरी बचाव पथकासाठी १४० हा क्रमांक आहे. हेलिकॉप्टर येते, पण त्याचे बिल विमा नसेल तर आपल्याच माथी बसते. भारतातून जाणाऱ्याला व्हिसासाठी विमा काढावाच लागतो, पण त्यात बर्फावरचे खेळ धरले आहेत का, हे वाचून पाहावे. पुष्कळदा ते वगळलेले असतात.

आता सर्वांत गंभीर गोष्ट. बर्फ थराथराने साचतो. कडब्याच्या गंजीत मधलीच एखादी पेंढी घसरडी निघाली तर वरची सारी रास खाली येते, तसेच इथे होते. आत एखादा थर कच्चा राहतो, वरती नव्या बर्फाचा आणि वाऱ्याने आणून टाकलेल्या बर्फाचा भार वाढतो, आणि अख्खा उतार सुटतो. याला हिमस्खलन म्हणतात. सुमारे ३० अंशांपेक्षा उभ्या उतारावर हा धोका विशेष.

१९९९ च्या फेब्रुवारीत गालट्यूरवर लागोपाठ वादळे आली. खोऱ्याचा रस्ता कित्येक दिवस बंद पडला, पाहुणे अडकले. २३ फेब्रुवारीला दुपारी चारच्या सुमारास डोंगरावरचा बर्फ सुटला आणि एका मिनिटाच्या आत गावात शिरला. जी घरे नकाशावर सुरक्षित समजली जात होती तीही सापडली. गालट्यूरमध्ये ३१ माणसे गेली. दुसऱ्या दिवशी खालच्या वाल्झुर वस्तीत आणखी ७. त्यांत पाहुणे होते तसे गावकरीही होते. हवा उघडल्यावर हजारो लोकांना हेलिकॉप्टरने बाहेर काढावे लागले.

गाव उठून गेले नाही. धोक्याचे पट्टे नव्याने आखले गेले. डोंगरावर बर्फ जागीच धरणारी पोलादी कुंपणे उभी राहिली. गावाशी लांब संरक्षक भिंत बांधली आणि तिच्याच पोटात अल्पिनारियम नावाचे संग्रहालय केले. पाहुण्यांना ही गोष्ट तिथे लपवून न ठेवता सांगितली जाते. गावावरची झाडी तर तिथले लोक पूर्वीपासून राखत आले आहेत, कारण दाट जंगल बर्फाला सुटू देत नाही. आपल्याकडे डोंगर उघडे पडले की दरडी येतात, हे आपण जाणतोच.

मग कुटुंबाने काय करावे? हिमस्खलनाच्या धोक्याचे पत्रक रोज निघते. त्यात १ ते ५ अशा पायऱ्या असतात. १ म्हणजे कमी, ५ म्हणजे अतिशय मोठा. ते न्याहारीच्या वेळी वाचावे. खुणा केलेल्या वाटेबाहेर मुलांना घेऊन जाऊ नये, तिथे कितीही सुंदर कोवळा बर्फ दिसो. वाट बंद अशी पाटी असेल तर ती बंदच समजावी. परतीच्या प्रवासात एक दिवस मोकळा ठेवावा, म्हणजे रस्ता बंद झाला तर विमान चुकेल या भीतीने कुणी अवेळी निघणार नाही. औषधे दोन दिवसांची जास्त घ्यावीत. आणि घरमालकीण "आज वर जाऊ नका" म्हणाली, तर पैसे भरलेत म्हणून वाद घालू नये. तो डोंगर तिने जन्मभर पाहिलेला असतो.

तर मंडळी, क्रम असा ठेवा : आधी घरातले लहान मूल, मग गाव, मग महिना, मग मुक्काम, आणि खर्चाचा हिशेब मांडताना विम्याची ओळ सर्वांत वर. आठवड्यातला एखादा दिवस हवेने खाल्ला तरी चालेल, एवढी जागा बेतात असू द्या. त्या दिवशी खिडकीशी बसून पत्ते खेळावेत, खाली गोठ्यात जाऊन गाईंना हात लावून यावे. मुलांना तोही दिवस पुढे आठवतो.