व्यक्तिचित्राचे भिंग : किंमत आणि मोल

छायाचित्रणाची गोडी लागलेल्या माणसाला काही दिवसांनी एक प्रश्न हटकून पडतो : मनाजोगी व्यक्तिचित्रे काढावयाची, तर त्यासाठी म्हणून मिळणारे महाग भिंग घ्यावे काय? अशा भिंगाची किंमत पुष्कळदा कॅमेऱ्याच्या किमतीहूनही अधिक असते. हौशी माणसाची त्यात थोडी चैन होईल इतकेच. पण या विद्येवर चरितार्थ चालवू पाहणाऱ्या तरुणाने कर्ज काढून नको ती वस्तू घेतली, तर उमेदीची पहिली वर्षे ते कर्ज फेडण्यातच जावयाची. म्हणून हा विचार हौसेपेक्षा हिशेबाने करणे बरे.

एके काळी या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. १८३९ साली फ्रान्समध्ये दागेर याची छायाचित्रणपद्धती जाहीर झाली, तेव्हा कॅमेऱ्यातील भिंगातून प्रकाश इतका थोडा येई, की समोरच्या माणसाला भर उन्हात कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. १८४० साली व्हिएन्ना येथील गणिताचे प्राध्यापक योझेफ पेट्झवाल यांनी आकडेमोड करून खास व्यक्तिचित्रांसाठी एक भिंग योजिले, आणि फोइग्टलेंडर यांच्या कारखान्याने ते घडविले. त्यातून पूर्वीच्या सुमारे वीसपट प्रकाश आत येई. मिनिटांचे काम सेकंदांवर आले. जे जवळजवळ अशक्य होते ते त्या भिंगाने शक्य केले. त्याचे मोल कोणाला समजावून सांगावे लागले नाही.

आजचे महाग भिंग असे काय देते, ते पाहू. भिंगाच्या केंद्रांतराला त्याच्या छिद्राच्या व्यासाने भागले म्हणजे एफ-क्रमांक मिळतो. हा क्रमांक जितका लहान, तितके छिद्र मोठे. व्यक्तिचित्रांसाठी ८५ मिलिमीटर केंद्रांतराचे भिंग पुष्कळांच्या पसंतीचे आहे. त्यात एफ १.८ असेल तर छिद्राचा व्यास सुमारे ४७ मिलिमीटर, आणि एफ १.२ असेल तर सुमारे ७१ मिलिमीटर येतो. प्रकाश छिद्राच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात येत असल्याने दुसऱ्या भिंगातून तो सव्वादोनपट येतो. मात्र छिद्र वाढले की प्रतिमेतील दोषही वाढतात, आणि ते घालविण्यासाठी मोठ्या व अवघड आकाराच्या काचा घासाव्या लागतात. कॅनन कंपनीचे १९९२ सालचे एफ १.८ भिंग ४२५ ग्रॅम वजनाचे होते, तर २००६ सालचे एफ १.२ भिंग १,०२५ ग्रॅमचे. किमतीत तर याहूनही मोठे अंतर होते. प्रकाश सव्वादोनपट आणि किंमत त्याच्या कितीतरी पुढे, असा हा व्यवहार आहे.

शिवाय हा वाढीव प्रकाश प्रत्येक वेळी उपयोगी पडतोच असे नाही. दोन मीटरांवर बसलेल्या माणसाचे चित्र एफ १.२ वर घेतले, तर सुमारे चार सेंटिमीटर खोलीपुरताच भाग सुस्पष्ट येतो. डोळे स्पष्ट आले तर कान पुसट होतात. मान थोडी वळलेली असली तर दुसरा डोळाही पुसट होतो. एफ १.८ वर ही खोली सहा सेंटिमीटर, आणि एफ ४ वर सुमारे तेरा सेंटिमीटर होते. संपूर्ण चेहरा स्पष्ट हवा असेल, तर महाग भिंगाचे छिद्रही लहानच करावे लागते, आणि तेथे साधे व महाग यांतील भेद फारसा उरत नाही. मागची पार्श्वभूमी धूसर हवी असेल, तर माणसाला भिंतीपासून चार पावले पुढे बसविण्यास काही खर्च येत नाही.

चेहऱ्याची ठेवण भिंगामुळे सुंदर दिसते, हाही एक समजच आहे. ती ठरते अंतरावरून. नाकाच्या शेंड्यापासून कानापर्यंत बारा सेंटिमीटर अंतर धरले, तर अर्ध्या मीटरावरून पाहताना कान नाकापेक्षा जवळजवळ चतुर्थांशाने दूर असतो; म्हणून नाक मोठे आणि कान लहान दिसतात. दोन मीटरांवरून हाच फरक शेकडा सहा इतकाच राहतो. भिंग कोणतेही असो, छायाचित्रकार दोन पावले मागे सरला की चेहरा प्रमाणबद्ध दिसू लागतो.

रेखीवपणा हेच सर्वस्व मानणाऱ्यांनी कलकत्त्यास जन्मलेल्या जूलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंची चित्रे पाहावीत. १८६३ साली त्यांना पहिला कॅमेरा मिळाला. त्यांची कित्येक चित्रे किंचित पुसट आहेत; तरीही चेहऱ्यावर पडणारा प्रकाश आणि मुद्रेवरील भाव यांमुळे ती आजही आदराने पाहिली जातात.

मग महाग भिंग कोणी घ्यावेच नये काय? तसे नाही. सायंकाळच्या लग्नसमारंभात किंवा समईच्या उजेडात ज्याला वारंवार काम करावे लागते, त्याला सव्वादोनपट प्रकाश खरोखर उपयोगी पडतो. साध्या भिंगाने जेथे सेकंदाचा पन्नासावा भाग लागतो, तेथे त्याचे काम शंभराव्या भागाहूनही कमी वेळात होते, आणि हललेली चित्रे कमी निघतात. आपली गरज अशी आहे की नाही, हे ठरविण्याचा मार्ग असा : आपली मागची शंभर चित्रे पुढे घ्यावीत आणि बिघडलेल्या प्रत्येक चित्रामागे कारण लिहावे. प्रकाश चुकीच्या बाजूने पडला, हात हलला, मुद्रा अवघडलेली आली, ही कारणे अधिक निघाली तर नवे भिंग ती दूर करणार नाही. प्रकाश अपुरा पडला हेच कारण पुन्हा पुन्हा निघाले, तर भिंग एक दिवस भाड्याने आणावे. त्याच माणसाचे, त्याच खिडकीपाशी, त्याच अंतरावरून दोन्ही भिंगांनी चित्र घ्यावे, आणि कोणते चित्र कशाने काढले हे न सांगता दुसऱ्यास निवडावयास लावावे. भिंग वापरलेले असेल, तर विजेरी लावून आतील काचांवर बुरशीचे जाळे नाही ना, हेही पाहावे. कोकण-गोव्याच्या दमट हवेत हा रोग लवकर जडतो.

आपल्या घरी आजी-आजोबा असतील. त्यांचे एक चांगले छायाचित्र काढावयाचे, हे काम 'चांगले भिंग घेतल्यावर' म्हणून पुढे ढकलले जाते, आणि पुष्कळदा राहूनच जाते. उत्तरेकडील खिडकी, दुसऱ्या बाजूस धरलेली पांढरी चादर आणि हाती असलेले भिंग एवढ्या सामग्रीवर ते काम येत्या रविवारी होऊ शकते. भिंगाचा विचार त्यानंतर सावकाश करता येईल.