बाबा पदमनजींचा ‘अरुणोदय’ : साधन म्हणून विचार

तारुण्यांत श्रद्धा डळमळून पुढें ती ख्रिस्ताच्या ठायीं स्थिरावल्याचें मराठींतील ठळक साधन म्हणजे बाबा पदमनजींचें आत्मचरित्र ‘अरुणोदय’ (१८८४) होय. बाबा १८३१ सालीं बेळगांवीं कासार कुळांत जन्मले. मिशनशाळेंत शिकतां शिकतां कुलधर्मावरील विश्वास उडाला. मुंबईस ते परमहंससभेंत शिरले. तेथें जातिबंधन तोडल्याची खूण म्हणून पाव खावा लागे. या अवस्थेस नास्तिक्य म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. पाणिनीय परंपरेंत परलोक न मानणारा तो नास्तिक. सभा तर एकेश्वरवादी होती. १८५४ सालीं बेळगांवीं बाबांनीं बाप्तिस्मा घेतला.

मात्र ग्रंथ त्यानंतर तीस वर्षांनीं लिहिलेला. जुन्या संशयास नव्या श्रद्धेचा रंग चढला असणें संभवतें, आणि पडताळा पाहावा तर सभाच गुप्त! १८६० च्या सुमारास सभासदांची यादी चोरीस गेली व सभा मोडली. म्हणून तत्कालीन खासगी पत्रांचें मोल मोठें. आमच्या बुलढाणें जिल्ह्यांत मेहकर-मलकापुराकडे दप्तरें चाळणारांनीं पोथ्यांखालीं दडलेलीं मिशनचीं चोपडीं रद्दींत घालूं नयेत. कोऱ्या पानांवर कोणीं काय लिहिलें आहे, तें आधीं पाहावें.